मुळासकट

झाडं उपटणाऱ्या माणसाला तीन वेळा जेवायला घालायचं काम मी चार आठवडे केलं. एकोणीसशे चौसष्टचा फेब्रुवारी होता. दुबईच्या खाडीतून लाँच निघाली तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की साहेब वनस्पतींचा शास्त्रज्ञ आहे आणि बेटाबेटांवर जाऊन झाडं बघणार आहे. बघायला काय, मीही बघतो. हा माणूस मात्र दिसेल ते मुळासकट उपटायचा, वर्तमानपत्राच्या घडीत घालायचा, दोन फळ्यांमध्ये ठेवून पट्ट्याने आवळायचा, आणि पट्टा नीट बसावा म्हणून वर स्वतः बसायचा. माणूस शंभर किलोचा. झाडाची काय अवस्था होत असेल ते झाडालाच माहीत.

मी हनीफ, बाणकोटच्या खाडीकाठचा. लाँचवर भंडारी होतो, म्हणजे स्वयंपाकी. जहाजावर चूल सांभाळतो त्याला आम्ही खलाशी लोक भंडारी म्हणतो. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा जहाजावर चढलो तो बटाटे सोलायला, आणि अठरा वर्षांत बटाट्यांपासून बिर्याणीपर्यंत पोचलो. लाँचचा सारंग, म्हणजे कप्तानच म्हणा, खैरुद्दीन. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्यामुळे तो सारंग म्हणून ओरडायचा आणि मेहुणा म्हणून टोमणे मारायचा, आणि मला दोन्ही एकाच पगारात ऐकून घ्यावं लागायचं.

या फेरीत माझं बरंच काही अडकलेलं होतं. खलाशाची एक वही असते, तिला आम्ही नली म्हणतो. प्रत्येक जहाजावरून उतरताना तिच्यात शेरा मारतात. ‘व्हेरी गुड’ बसला की पुढचं जहाज मिळतं. ‘डी.आर.’ बसला, म्हणजे ‘या माणसाबद्दल आम्ही काही सांगू इच्छित नाही’, की खेळ खलास. शिव्या लिहिल्या असत्या तरी परवडलं असतं, पण ही साहेबी चुप्पी माणसाला आयुष्यभर किनाऱ्यावर बसवते. माझ्या नलीत चौदा व्हेरी गुड होते, डाग एक नाही. पंधरावा घेऊन मी मुंबईला जायचं आणि एका मोठ्या प्रवासी जहाजावर दुसरा कुक म्हणून चढायचं, असं खैरुद्दीनने ओळखीतून ठरवून ठेवलं होतं. गावी शहरबानूला त्याने पत्रही घातलं होतं, माझ्याआधी. बायको माझी आणि बातमी त्याची.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. जेवणाला नावं ठेवायचा नाही, खलाशांना हाकेने बोलवायचा, शिट्टी मारायचा नाही. बरीच वर्षं हिंदुस्तानात काढलेली, त्यामुळे त्याला एक लष्करी छापाची हिंदी यायची. पिशव्या उचलायला आणि अरबी बोलायला तो मला बरोबर न्यायचा. एका बेटावर किनाऱ्यालगत मला मोरस दिसलं, आपल्याकडे मिठागरांच्या कडेला उगवतं ना, ते. त्याच्या मागे हर्म होतं. हर्म हे तिथलं नाव. त्याची पानं म्हणजे पाण्याने टम्म फुगलेले मणीच, फोडले की बोटं खारट होतात. आणि वरच्या दगडांत पानं नसलेल्या हिरव्या काड्यांचं एक झुडूप, थेट आमच्या कुंपणावरच्या शेरासारखं. मी उत्साहाने म्हटलं, “साहेब, हमारे गाँव में ऐसा कॅक्टस का कुंपण होता है.”

कोणी काही चुकीचं बोललं की साहेबाला फार आनंद व्हायचा. “नो, नो, हनीफ. ये कॅक्टस नहीं. अरबस्तान में कॅक्टस होताही नहीं. असली कॅक्टस सिर्फ अमेरिका का. तुम्हारे गाँव का वो चपटा, काँटेवाला, वो भी उधर से आया.”

म्हणजे माझ्या पणज्याच्या आधीपासून कुंपणावर उभा असलेला फड्या निवडुंग परका! मी विचारलं, “और मिरची?”

“वो भी अमेरिका.”

“बटाटा?”

“वो भी.”

अजून विचारलं असतं तर त्याने मलाही अमेरिकेचा ठरवला असता. मग त्याने एक काडी मोडून तिच्यातला पांढरा चीक दाखवला आणि समजावून सांगितलं, की या झाडांनी पानं टाकून दिली कारण पानांतून पाणी उडून जातं. जे काही पाणी मिळेल ते ही अंगात साठवतात आणि दोन-दोन वर्षं पावसाविना काढतात. ते ऐकून मला त्या झाडांचं खरंच कौतुक वाटलं. एवढं बोलून झाल्यावर साहेबाने कुदळ घेतली आणि ती झुडपं काढली. तीन होती, तीनही काढली.

“एक तो रखो, साहेब,” मी म्हटलं.

“बकरी खा जाएगी. उधर म्युझियम में सौ साल रहेगा.”

“मरा हुआ.”

“हाँ,” तो हसून म्हणाला, “मगर रहेगा.”

माझी आई हव्वाबी पावसाळ्यात रानभाजी आणायला कातळावर जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. भाजी खुडताना मूळ वर आलं की हातावर चापटी बसायची. “कापायचं, ओरबाडायचं नाही. पुढच्या वर्षी इथे काय तुझा बाप उगवणारे?” असं ती म्हणायची, आणि माझा बाप शेजारी उभा राहून ऐकायचा. शाळेत मी फार शिकलो नाही, पण एवढं मात्र पक्कं शिकलो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्या बेटावर पोचलो. त्याचं नाव लिहीत नाही. काळा दगड, त्यात गंजासारखा तांबडा, मधेच जांभळा, आणि फटीफटींत चमकणारं मीठ. साहेब म्हणाला, हा ज्वालामुखीचा दगड, पृथ्वीच्या पोटातून मिठाने वर ढकलून आणलेला. मला तो आमच्या गावामागचा कातळच वाटला, फक्त कोणीतरी भट्टीत भाजून मिठात घोळवलेला. आम्ही नांगर टाकला आणि त्याच दुपारी उत्तरेचा वारा सुटला. तिथे त्याला शमाल म्हणतात. खैरुद्दीनने आभाळाकडे बघितलं आणि सांगून टाकलं, “पाच दिवस हलायचं नाही. इन्शाल्ला सहाव्या दिवशी बघू.”

तिसऱ्या दिवशी भाजी संपली. कांदे होते, भात होता, मासे हवे तेवढे होते, पण हिरवं म्हणून काही नाही. सात माणसं, सगळ्यांची पोटं बिघडलेली आणि सगळे माझ्याकडे असं बघणार जसं काही शमाल मीच सोडलाय. म्हणून मी होडी घेऊन किनाऱ्यावर गेलो. पाच-सहा झोपड्यांची वस्ती होती, खजुरीच्या झावळ्यांची. पुरुष मासेमारीला गेलेले, वाऱ्यामुळे दुसऱ्या बेटाला अडकलेले. एकच म्हातारी होती, उम्म हमद, आणि तिच्या नऊ शेळ्या. तिने काही न विचारता मला चटईवर बसवलं आणि कॉफी दिली.

तिथे मी एक चूक केली. शेळीचं एक पिल्लू माझ्या गुडघ्याला येऊन टेकलं, तपकिरी, कानावर पांढरा ठिपका. मी म्हटलं, “किती गोड आहे.” म्हातारी उठली, पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधली आणि दोरी माझ्या हातात दिली. आठ वर्षं त्या किनाऱ्यावर काढून मला हे माहीत असायला हवं होतं. तिथल्या जुन्या माणसांच्या घरची कॉफी तुम्ही प्यायलात, की तुम्ही पाहुणे. आणि पाहुण्याने मागितलं किंवा मागितल्यासारखं बोललं, तर नाही म्हणायचं नसतं. परत केलंत तर अपमान. नऊ शेळ्यांच्या मालकिणीकडून पिल्लू घ्यायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी डोकं चालवलं. “या उम्मी,” म्हणजे ‘अगं आई’, मी म्हटलं, “पिल्लू माझंच. पण लाँचवर त्याला ऊन लागेल. मी परत येईपर्यंत तू सांभाळ.” ती एवढी हसली की तिचा बुरखा सरकला. मग तिने दोरी परत घेतली आणि विचारलं, “खरं काय हवंय तुला, वलदी?” वलदी म्हणजे मुला.

“हिरवं काहीतरी,” मी सांगितलं. “आमची पोटं बिघडलीत.”

ती मला वस्तीच्या मागे घेऊन गेली. कुठून कसं ते सांगत नाही. काळ्या दगडांच्या आडोशाला, जिथे दुपारची सावली पडते, तिथे एक खळगा होता, आणि खळग्यात माकडशिंग, आई कातळावरून खुडून आणायची तीच रानभाजी! बोटाएवढी जाड, चौकोनी, राखाडी-हिरवी शिंगं, धारांना खाचा, टोकाला काळपट तांबड्या फुलांचा गेंद आणि त्यावर घोंगावणाऱ्या माशा, कारण फुलाला सडक्या मासळीचा वास. आमच्या कातळावर होतं त्याच्यापेक्षा जाड होतं, फूलही वेगळं होतं, पण भाऊ नसलं तरी मावसभाऊ नक्की. मी एक शिंग मोडून धार सोलली आणि कचकन चावलो. आधी आंबट, मग कडू, मग पुन्हा आंबट. पंचवीस वर्षं मागे गेलो मी. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कडूपणामुळे आलं असं मी म्हातारीला सांगितलं.

सात ठोंब होते. मी मोजले. उम्म हमदने कमरेची सुरी काढली आणि प्रत्येक ठोंबाची दोन-दोन शिंगं कापली, जास्त नाही. कापलेल्या जागेवर तिने चिमूट चिमूट कोरडी माती दाबली, चीक थांबावा म्हणून. मग सांगितलं, की मोठ्या लढाईच्या वर्षांत तांदळाची गलबतं आलीच नाहीत तेव्हा बेटावर बावीस माणसं होती. मासे आणि हे, एवढंच खाऊन ती जगली. तिची दोन मुलं त्या वर्षांत गेली. “भुकेने माणूस काय वाट्टेल ते करतो,” ती म्हणाली. “पण मुळं आम्ही त्या वर्षीही खाल्ली नाहीत.”

मी भाजी घेतली, सलाम केला आणि लाँचवर आलो.

साहेब चहा मागायला भटारखान्यात आला आणि फळीवरची शिंगं बघून जागच्या जागी थांबला. “ये किधर मिला?” त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. त्याने फूल असलेलं एक शिंग उचललं, भिंग लावलं, दोन पुस्तकं आणली, खाचा मोजल्या. फूल ओळखीचं लागेना. मुख्य भूमीवर याचे भाऊबंद आहेत, पण हे वेगळं असावं, कदाचित अजून कुठेच लिहिलं न गेलेलं, असं तो मला सांगत होता की स्वतःला ते कळत नव्हतं. मग ते एक शिंग घेऊन तो केबिनमध्ये गेला आणि जाताना म्हणाला, “बाकी सब ठीक से रखो.”

आता भंडाऱ्याला भटारखान्यात ‘ठीक से रखो’ म्हटलं तर तो काय करेल? साहेबाची पद्धत मला माहीत होती. त्याला एक नमुना हवा असतो, बाकीचं तो समुद्रात टाकतो. आणि मुळाशिवायचं त्याला चालत नाही हे तर तोच दहादा बोललेला. म्हणजे त्याने त्याचं घेतलं, उरलेलं आमचं. मी शिंगांच्या धारा सोलल्या, मिठाच्या पाण्यात उकळून पिळून काढल्या, कांदा-लसणीवर परतल्या, सुका जवळा टाकला, दोन आमसुलं. बोटीभर वास सुटला. खलाशी पातेल्याभोवती गोळा झाले. आणि माझ्यातला प्रामाणिकपणा असा, की पहिली वाटी मी साहेबाच्या टेबलावर पाठवली.

त्याने पुसून खाल्ली. वर मला बोलावून म्हणाला, “व्हेरी गुड, हनीफ! ये कौनसा सब्जी?”

“वही, साहेब,” मी म्हटलं. “जो आपने ठीक से रखने को बोला.”

तो आधी पांढरा झाला, मग तांबडा. रिकाम्या वाटीकडे असं बघत राहिला की मला वाटलं आता तिलाही फळ्यांमध्ये दाबतो. खलाशी बाहेर तोंडं दाबून हसत होते. मला हसू नाही आलं, कारण पुढचं मला दिसत होतं. वाटी बाजूला सारून तो म्हणाला, “यल्ला. जगह दिखाओ.”

“दिखाता हूँ,” मी म्हटलं. “मगर ऊपर से काट के लो, साहेब. जड़ नहीं.”

“पागल हो? पूरा चाहिए, जड़ के साथ. कितना है उधर?”

आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. “सात.”

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. हे एक लंडनला, एक अमुक म्युझियमला, एक तमुक विद्यापीठाला, एक स्वतःच्या संग्रहाला. सातही बोटं संपली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, तो खरोखर खूश होता. लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तशी तो ती झाडं वाटत होता, आणि बेटाला एकही पत्रिका नव्हती. माझं डोकं तिथेच फिरलं.

“जगह भूल गया, साहेब,” मी म्हटलं.

खैरुद्दीनने मला ओढत मागच्या बाजूला नेलं. “हनीफ, डोकं ठिकाणावर आहे ना? जागा दाखव, सॉरी बोल, फिनिश. तुला काय पडलंय त्या झाडाचं? ती काय तुझ्या बापाची जमीन आहे?”

“नाही. म्हणूनच मला देता येत नाही.”

“अरे, तो एजंटकडे रिपोर्ट करणार. तुझी नली त्याच्या एका लाइनवर आहे. डी.आर. बसला तर मुंबईचं जहाज गेलं, आणि हेच काय, कुठलंच मिळणार नाही. मी माझ्या बहिणीला काय लिहू?”

“आधीचं पत्र तूच लिहिलंस ना? हेही तूच लिही. लिही, की तुझ्या नवऱ्याने भाजीपायी नोकरी घालवली.”

तो मला मारायलाच निघाला होता. मेहुणा म्हणून मारावं की सारंग म्हणून, हे त्याला ठरवता येईना म्हणून मी वाचलो. पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. चौतीस वर्षांचा माणूस, चुलीशिवाय काही येत नाही, घरी बायको दर महिन्याला दिवस मोजतेय. भीती वाटणारच.

साहेब दोन दिवस वाऱ्यात एकटा फिरला. दगडांवर घसरून गुडघा फोडून घेतला, पण जागा सापडली नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, “ओल्ड लेडी को मालूम होगा. चलो, तुम अरबी बोलो.” खैरुद्दीनने मला डोळ्यांनीच होडीत बसवलं. तो स्वतः नांगर सोडून येऊ शकत नव्हता, आणि खलाशांपैकी कोणाला दोन वाक्यांपुढे अरबी येत नव्हती. म्हणजे त्या म्हातारीपर्यंत साहेबाला पोचवणारं तोंड एकच होतं, माझं.

उम्म हमदने त्याला चटईवर बसवलं. खजूर ठेवले, कॉफी ओतली. साहेबाला रीत माहीत होती. तीन पेले प्यायला आणि पेला हलवून बस म्हटलं. माझं पिल्लू येऊन त्याचे बूट हुंगून गेलं. मी त्या रिकाम्या पेल्याकडे बघत होतो. आता हा पाहुणा झाला होता. आता याने मागितलं, तर ही बाई नाही म्हणणार नव्हती. बावीस माणसांनी भुकेत जे सांभाळलं, ते ही रिवाज म्हणून उठून स्वतः खणून देणार होती, आणि तोंडावरची रेषही हलू देणार नव्हती.

“हनीफ, पूछो,” साहेब म्हणाला. “बोलो, हमको वो झाड़ चाहिए. सब. जड़ के साथ.”

“नहीं पूछेगा, साहेब.”

त्याला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. “क्या?”

“मैं पूछेगा तो ये दे देगी. इसका घर में आपने कॉफी पिया. ये ना नहीं बोल सकती. इसलिए मैं नहीं पूछेगा.”

साहेबाने पिशवीतून तो कागद काढला, ज्यात फुलाचं शिंग दाबलेलं होतं. त्याच्या लक्षात आलं होतं, की दाखवायला अरबी लागत नाही. त्याने घडी उघडायला हात घातला, आणि मी माझा पंजा त्या घडीवर ठेवून दाबला. अठरा वर्षांत मी कुठल्या साहेबाच्या सामानाला न विचारता हात लावला नव्हता. आता लावला तो काढला नाही. तोही ओढत नव्हता. नमुना फाटेल ही भीती त्याला, आणि त्या भीतीवरच माझा सगळा जोर.

“काय म्हणतोय तुझा साहेब?” म्हातारीने विचारलं.

“काही नाही, या उम्मी. जायची वेळ झाली, म्हणतोय.”

तिने माझ्या हाताकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. तिला कळलं असेल का? मला वाटतं सगळं कळलं. ती उठून आत गेली आणि सुक्या मासळीची एक माळ घेऊन आली. “पाहुणा रिकाम्या हाताने जायचा नाही,” असं म्हणून तिने ती साहेबाच्या गळ्यातच घातली. साहेबाने सभ्यपणे मान झुकवली. माझ्याकडे ती वळलीसुद्धा नाही, फक्त पिल्लाला जवळ ओढून म्हणाली, “हे मोठं होईल तेव्हा ये.”

होडीकडे परतताना साहेब लंगडत पुढे चालत होता. गळ्यातली मासळी काढायचं त्याच्या लक्षातच नव्हतं. मग तो थांबला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, पण तो अगदी शांत बोलला. “हनीफ, समझो. शायद ये झाड़ दुनिया में और किधर नहीं है.”

“इसीलिए तो, साहेब.”

“बाढ़ आएगा, बकरी खाएगा, कोई रस्ता बनाएगा. फिर किसी को मालूम भी नहीं होगा कि था.”

“बकरी कड़वा नहीं खाती. और जिसको मालूम होना चाहिए, उसको मालूम है.”

“मैं लिखेगा तुम्हारा बुक में.”

“लिखो, साहेब.”

सहाव्या दिवशी वारा पडला आणि आम्ही निघालो. उरलेला आठवडा मी त्याला तिन्ही वेळा गरम जेवण दिलं, एकदाही मीठ जास्त पडू दिलं नाही. भांडण माझं होतं, जेवणाचं नव्हतं. खैरुद्दीन माझ्याशी बोलत नव्हता. दुबई दिसायला लागली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “जागा नक्की माहीत आहे ना तुला? का उगाच?” मी म्हटलं, डोळे बांधून नेऊ शकतो. त्याने कपाळाला हात लावला.

एजंटच्या ऑफिसात कारकून होता युसुफ, रत्नागिरीचा, आमच्याच लोकांतला, इंग्रजी शिकलेला. त्याने मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि नली उघडून माझ्यासमोर ठेवली. चौदा शिक्क्यांच्या खाली पंधरावा. डी.आर. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती दोन अक्षरं प्रत्येक खलाशी ओळखतो. एवढे दिवस ‘लिखो, लिखो’ म्हणत होतो, पण लिहिलेलं समोर दिसल्यावर मी वरचे चौदा शिक्के पुन्हा एकदा मोजले.

“ऐक,” युसुफ आवाज खाली करून म्हणाला. “ही बुक अजून रजिस्टरला चढवलेली नाही. मी लिहून देतो, लाँचवरून उतरताना पाण्यात पडली. लॉस्ट ॲट सी. मुंबईला डुप्लिकेटचं ॲप्लिकेशन टाकू. चौदा शेरे जातील, पण हाही जाईल ना? कोरी नली मिळेल. चार-सहा महिन्यांत छोटं का होईना, जहाज मिळेल तुला. खैरुद्दीनभाईंनी सांगितलंय. बस, तू हो म्हण.”

म्हणजे खैरुद्दीन! बोलत नव्हता आणि आतून हे करत होता. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. आणि ‘हो’ माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“शिक्क्याच्या खाली हे हाताने काय लिहिलंय?” मी विचारलं.

“साहेबाने स्वतः लिहिलंय. जाऊ दे ना.”

“वाच.”

युसुफने वाचलं आणि मराठीत सांगितलं. “स्वयंपाक उत्तम. दुर्मीळ वनस्पतीची जागा माहीत होती. वारंवार विचारूनही सांगितली नाही.”

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. साहेबाने रागातही एक शब्द वाढवून लिहिला नव्हता.

“राहू दे,” मी म्हटलं. “पाण्यात नको टाकू.”

“हनीफभाई, वेडा आहेस का? ही बुक घेऊन तुला कोणी भांडी घासायला घेणार नाही.”

“माहीत आहे. पण ते चौदा शिक्के माझ्या बिर्याणीला मिळालेत. हा एकटा मला मिळालाय.”

नली उचलून मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि खाडीपलीकडे, दुबईच्या देरा भागात, कुठल्या खाणावळीत भंडारी हवाय का, ते विचारत निघालो.